कुपावरची लवकी

दिवाळीच्या पणत्या पुसून फळीवर गेल्या, की माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांना बरे दिवस येतात. ऊन कोवळं होतं, पाणी दिलेली माती दुपारपर्यंत ओली राहते, आणि आमच्या कॉलनीतल्या बायका एकमेकींच्या गच्च्यांवर फेऱ्या मारू लागतात. कुणाचा पुदिना माजलेला असतो, कुणाच्या वांग्याला कीड लागलेली असते. रोप मागावं लागतं. सल्ला न मागता मिळतो. या मंडळात वयाने मी सगळ्यांत मोठी. बागेतलं मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे आणि तो मोडायची मला काही घाई नाही. कुणी बी मागितलं की मी देते, आणि देताना ते कुठून आलं तेही सांगते. ऐकणारीला त्यात फारसा रस नसतो. तिला बी हवं असतं.

ह्याच दिवसांत मला एक जुना कार्तिक आठवतो. एक कसला, दोन कार्तिक म्हणायला हवं, कारण पहिल्यात जे बिघडलं ते दुसऱ्या कार्तिकापर्यंत पुरलं. चाळीसेक वर्षं झाली त्याला. आता आठवून रडू वगैरे येत नाही. पण धानाच्या काडाचा वास कुठून आला, किंवा संध्याकाळी कुणाच्या वेलावर दुधीचं पांढरं फूल उमललेलं दिसलं, की मी हातातलं काम सोडून थोडा वेळ उभी राहते.

लग्न होऊन मी वर्ध्याहून निघाले आणि थेट चांद्याच्या जंगलात पोचले. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. आमचे हे जंगल खात्यात कारकून. मूल गावाच्या पुढे, मोटार जिथे आपली हिंमत सोडून परत फिरायची, तिथून बैलगाडीने दीड तासावर त्यांची कचेरी. राहायला दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर आणि घरामागे घराच्या तिप्पट मोकळी जागा. घरामागच्या अशा जागेला तिकडे सांदवाडी म्हणतात. प्रत्येक घराला ती असते आणि घर कितीही गरीब असलं तरी सांदवाडी हिरवी असते. आमची तेवढी उघडी पडली होती. आधीच्या कारकुनाने तिथे फक्त फुटके माठ पेरले होते.

ह्यांना बागेतलं काहीएक कळत नसे. कचेरीत सागाची झाडं रकान्यात बसवणारा हा माणूस घरी कारल्याच्या वेलापुढे उभा राहून विचारायचा, "काकडी कधी लागेल हिला?" मी पहिल्या वर्षी हसायचे. पुढे पुढे "लागेल पुढच्या महिन्यात" म्हणायला शिकले.

आमच्या आणि शेजारच्या सांदवाडीच्या मधे बांबूच्या काड्या आणि काटेरी फांद्यांचं कुंपण होतं. त्याला तिकडचा शब्द कूप. कुपापलीकडे सीताबाई राहायची. उंच, हडकुळी, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि एक मुलगी, मंजुळा, एवढा तिचा संसार. मी जाऊन आठ दिवसही झाले नसतील, ती कुपाच्या पलीकडून माझ्या उघड्या जागेकडे बघत म्हणाली,

"बाई, जागा उगीच काऊन ठेवली? माती रुसते अशानं."

मी म्हटलं, "मला काही येत नाही हो लावता."

"येत नाई कोनालेच. बी आपलं आपन येते. आपन फक्त पानी द्याचं." आणि कुपाच्या फटीतून एक गाठ मारलेली चिंधी माझ्या हातात आली.

त्या चिंधीत सगळं एकत्र होतं. भेदरं, म्हणजे ते गोल आंबट टमाटे. पोपट, म्हणजे वालाच्या शेंगा. बरबटी, म्हणजे चवळी. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. दोडका. मी निवडत बसले तर ती म्हणाली, निवडू नका, टाका तसंच, ज्याले जिथी बसाचं तो तिथी बसते. पाऊस लागला तसं मी टाकलं. आणि खरोखरच, भादव्यापर्यंत ज्याला जिथे बसायचं तो तिथे बसला. पोपट कुपावर चढला, दोडका स्वयंपाकघराच्या कवेलूंवर गेला आणि तिथे त्याने असा मुक्काम ठोकला की दोडका काढायला ह्यांना शिडी लावून वर चढावं लागे. वर चढले की हे गाव बघत बसायचे आणि खाली मी फोडणी करून ताटकळायचे.

मला आठवतात ते वास. भेदऱ्याच्या पानाला हात लागला की बोटांना येणारा हिरवट, तिखट वास, जो साबणानेही जात नसे. पोपटाच्या फुलांचा सकाळचा गोड वास. मागच्या बोडीवरून, म्हणजे गावच्या लहानशा तळ्यावरून, येणारा चिखलाचा आणि शिंगाड्याचा वास. वानरं आली की सगळी गल्ली एकदम टीन बडवायची, आमच्या घरचं टीन मी बडवायचे आणि पलीकडून सीताबाई ओरडायची, "तुमच्या कवेलूवर गेलं बाई, दोडक्याकडं!" त्या ओरडण्यात मला एक मजा वाटायची. वर्ध्याला माझ्या वस्तूची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

कुपावरून सारखी देवाणघेवाण चाले. वाटी जायची, वाटी यायची. रिकामी वाटी परत करायची नाही एवढाच नियम. दुसरा एक नियम सीताबाईनेच मला शिकवला. वेलाला काही कूप समजत नाही. तिचा वेल माझ्याकडे यायचा, माझा तिच्याकडे जायचा. सुरुवातीला मी माझ्या बाजूला लोंबणारी तिची कारली तोडून तिच्याकडे नेऊन देत असे. तिला ते आवडलं नाही.

"तुमच्याकडं लोंबलं ते तुमचं," ती म्हणाली. "इचाराचं नाई, वापस द्याचं नाई. इचारलं का भांडन लागते."

पन्नासच्या दशकातलं हे गाव. वीज नव्हती, दवाखाना नव्हता, पण कुपाचा कायदा मात्र पक्का होता.

आमच्या बागवाल्यांत तिसरी होती मैनाबाई. ती गोंड, डोंगराच्या अंगाच्या जंगलगावातली. बाजाराच्या दिवशी चारोळी नाहीतर मध घेऊन खाली यायची आणि बाजार आटोपला की माझ्या ओसरीत पाणी प्यायला थांबायची. थांबायची म्हणजे आधी सरळ मागे जायची. एकेका झाडाच्या पानाला बोट लावून बघायची, शेंग दाबून बघायची, कुठे मातीचा वास घेऊन बघायची, आणि मग येऊन ओसरीत बसायची. घरातल्या माणसांची चौकशी त्यानंतर. मी तिला भेदऱ्याची रोपं दिली होती. तिच्या गावात भेदरं तेव्हा कुणाकडे नव्हतं. पुढच्या वेळी तिने मला कसल्याशा रानकंदाचे तुकडे आणून दिले, जे मी लावले आणि रानडुकरांनी खाल्ले. तिला सांगितलं तर ती हसली. "डुकराले आवडलं ना? मंग चांगलं होतं," म्हणाली.

तर सगळं बी हात सैल सोडून वाटणारी सीताबाई एक बी कुणाला देत नसे. लवकीचं. दुधी भोपळ्याला तिकडे लवकी म्हणतात. तिची लवकी वेगळी होती. आखूड मान, गोल पोट, फिक्या सालीवर पांढरे शिंतोडे. चुलीवर ठेवली की लगेच शिजायची आणि शिजल्यावर गोडसर लागायची. मी एकदा बी मागितलं.

"ते नाई बाई," ती म्हणाली. "फळ पायजे तितकं खा. बी नाई. ते माह्या मायचं हाये. मायनं मले लग्नात बांधून देलं, आता मंजुळेसंगं जाईन."

त्या भागात मुलगी सासरी निघाली की तिच्या पदराला आई आपल्या सांदवाडीतलं बी बांधून द्यायची. सोनं सगळ्यांकडे नसायचं, बी सगळ्यांकडे असायचं. मंजुळेचं लग्न वैशाखात ठरलं होतं, चिमूरकडच्या एका गावात. बाकीचं बी गल्लीत कुणाच्याही घरून बांधता आलं असतं. लवकीचं एकट्या सीताबाईकडे होतं. मला तेव्हा ते जरा कंजूषपणाचं वाटलं, हेही सांगून टाकते.

गोष्ट बिघडली ती माझ्या तिथल्या दुसऱ्या कार्तिकात. तुळशीचं लग्न व्हायचं होतं. त्या आधी गल्लीतल्या बायका आवळीभोजनाला निघायच्या, बोडीपलीकडच्या आवळ्याखाली. वर्ध्यालाही हे जेवण व्हायचं, पण इथली रीत निराळी होती. जिने तिने आपल्या सांदवाडीतलं शिजवून आणायचं. तेल-मीठ सोडून दुकानातलं काही चालायचं नाही. पहिल्या वर्षी मी आश्विनात येऊन पोचले होते, माझ्याकडे नेण्यासारखं काही नव्हतं. मी नुसता भात नेला होता आणि त्याची मला लाज वाटली होती. या वर्षी मी ठरवलंच होतं की सगळ्यांत चांगली भाजी माझी झाली पाहिजे. सांदवाडीतला आनंद वाटावासा वाटतो हे खरं, पण त्या वाटण्यात थोडी ऐटही असते. इतक्या वर्षांनी ती कबूल करायला हरकत नाही.

सकाळी मागे गेले. कुपावर, माझ्या बाजूला, पानांखाली एक लवकी लोंबत होती. कोवळी, नख सहज रुतेल अशी, चकचकीत. सीताबाईचा वेल आता सुकत आला होता, आणि त्यावर एवढ्या उशिराने ही एक लागली होती. तिच्या पोटावर चुन्याचं एक बोट होतं. आमच्याकडे वर्ध्याला आई कोहळ्याला दृष्ट लागू नये म्हणून चुना लावायची. मला वाटलं तसंच काही. मी लवकी तोडली, चुना पाण्याने धुतला, आणि पोपटाचे दाणे घालून भाजी केली. इतकी सुरेख झाली की ह्यांनी चाखायला म्हणून अर्धी वाटी संपवली.

आवळ्याखाली दहा-बारा बायका गोल बसलो. ऊन पानांतून गळत होतं. सगळ्यांच्या पळसाच्या पत्रावळींवर सगळ्यांचं थोडं थोडं. पोपटाच्या दाण्यांची भाजी, अंबाडी, भेदऱ्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. माझी लवकी सगळ्यांना आवडली. कुणीतरी म्हणालं, अशी लवकी म्या खाल्लीच नाई. सीताबाई माझ्या समोर बसली होती. तिने पहिला घास घेतला आणि थांबली. घास तोंडात तसाच होता. मग तिने तो चावून गिळला आणि विचारलं,

"बाई, लवकी कुठची?"

"माझ्या कुपावरची," मी खुशीत सांगितलं.

पत्रावळीवरची सगळी भाजी तिने खाल्ली. मी आणखी वाढायला गेले तर हात आडवा न धरता आणखी घेतली. "चांगली झाली," म्हणाली. मग आवळ्याला पाणी घालून आम्ही परत आलो.

संध्याकाळी मी चुलीशी होते. मंजुळा आली. ती नेहमी बडबडत यायची. त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"बाई, ते चुना लावलेली लवकी तुमी तोडली काय?"

मी हो म्हटलं.

"ते बियाची होती."

मग तिने जे सांगितलं ते असं. बी धरायचं फळ ठरलं की त्यावर चुन्याचं बोट ओढतात, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही. गल्लीत पोराबाळांनाही ते माहीत असतं, म्हणून मला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वेलावर आधी धरलेलं बियाचं फळ परतीच्या पावसात सडलं होतं. गेल्या वर्षीचं उरलेलं बी उंदरांनी खाल्लं होतं. ही शेवटची लवकी लागली तेव्हा सीताबाई तिच्यासाठी रोज वेलाच्या मुळाशी घागर ओतत होती, हे फळ पिकून सुकेपर्यंत वेल जगावा म्हणून. आणि ती माझ्या बाजूला लोंबत होती तरी तिने वेल आपल्याकडे ओढून घेतला नाही, कारण देठ दुखावला असता.

मी तशीच उठून कुपाशी गेले. सीताबाई तिथेच होती.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं. "सीताबाई, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुमच्याकडं लोंबली होती," ती म्हणाली. "तुमचीच होती."

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ह्यांनी समजूत घातली, अगं दुधीच तो, बाजारात मिळेल. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काकडीची वाट बघा.

दुसऱ्या दिवशी मी खताच्या खड्ड्यातून लवकीचा काढून टाकलेला मगज शोधला. बी सापडलं, पण पांढरं, मऊ, दुधासारखं. उन्हात वाळवलं तर कागदाच्या कपट्यासारखं गोळा झालं. तरी मी ते माठात माती घालून टोचलं. रोज पाणी दिलं. काही आलं नाही. येणार नव्हतंच, पण टोचल्याशिवाय मला राहवलं नाही.

कुपावरच्या वाट्या बंद झाल्या नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. सीताबाई पूर्वीसारखीच भेदरं द्यायची, मी पूर्वीसारखंच काही परत पाठवायचे. फक्त बोलणं कमी झालं. तिच्या मांडवावर सुकलेला वेल तसाच होता. सगळ्यांनी आपापले मांडव मोकळे केले, तिने केला नाही. माघात एकदा मंजुळा विहिरीवर भेटली. म्हणाली, "मले लवकीचं काई नाई वाटत बाई. लवकी तं कुठीबी भेटन. पन आई माह्याकडं पाह्यते अन् डोळे भरते. म्हनते, माह्या मायनं मले देलं, मी तुले काय देऊ. मी काय करू सांगा?"

इतक्या वर्षांत मी ह्यावर पुष्कळदा विचार केला. सीताबाईने ते बी आधीच दोन घरी दिलं असतं, तर माझ्या एका भाजीने ते संपलं नसतं. हा विचार बरोबर आहे. पण तो माझ्या फार सोयीचा आहे, म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. तिच्या आईकडून आलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती. ती तिने सगळ्यांना का वाटावी? आणि चुन्याचं बोट बघून मी एकदा कुपावरून हाक मारली असती तर माझं काय गेलं असतं? आवळ्याखालची ऐट गेली असती, एवढंच.

फाल्गुनात मैनाबाई आली. नेहमीसारखी आधी मागे जाऊन आली आणि म्हणाली, "तुमची माती यंदा उदास दिसते." मी तिला सगळं सांगितलं. तिने पाणी पिता पिता ऐकलं.

"लवकी तं माह्याकडंबी हाये," ती म्हणाली.

"तशीच? गोल पोटाची?"

"पोटाचं नाई पाह्यलं म्या. लवकी हाये."

"कडू नाही ना?" मला भीती वाटली, कारण तिच्या गावात पाण्याचे तुंबे करायला कडू लवकी लावतात हे मला ठाऊक होतं.

"कडू वेगळी, खायाची वेगळी. ते आमाले समजते बाई," ती म्हणाली, जराशी रागावूनच.

चैत्रात तिने पळसाच्या पानात गुंडाळून बी आणून दिलं. काय देऊ विचारलं, तर म्हणाली, "तुमी मले भेदरं देलं तवा म्या काय देलं होतं?" मी रानकंदाची आठवण काढली नाही.

ते बी घेऊन मी कितीतरी दिवस बसून होते. सीताबाईला काय म्हणून द्यायचं? मैनाबाईच्या घरची लवकी म्हणून दिली तर ती घेईल, चांगलं बी आहे म्हणेल, पदरात बांधेलसुद्धा. पण तिच्या डोळ्यांतलं जे गेलं होतं ते काही येणार नाही. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, खरं ते सांग. पुरुषांना असं सांगणं सोपं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सीताबाईच्या घरात मी गेले. मांडवात बायका हळदीचं आवरत होत्या. आतल्या खोलीत सीताबाई मंजुळेच्या लुगड्याच्या पदराला बी बांधत होती. समोर सुपात पोपट होता, बरबटी होती, दोडका होता. मैनाबाईने पळसाच्या पानात बांधली होती तशीच मी पुडी पुढे केली.

"सीताबाई, त्या लवकीचं थोडं बी मी तेव्हा वाळवून ठेवलं होतं," मी म्हटलं. "उगवेल की नाही कळेना, म्हणून बोलले नाही. परवा दोन दाणे टोचून बघितले, उगवले."

मी आयुष्यात फार खोटं बोललेली नाही. जे बोलले त्यातलं हे सगळ्यांत सफाईदार होतं, आणि तरी ते त्या खोलीतल्या कुणालाही फसवण्याच्या लायकीचं नव्हतं. नख रुतणाऱ्या कोवळ्या लवकीत बी धरत नाही, हे सीताबाईला कळत नाही असं मानायचं म्हणजे तिचा अपमानच. शिवाय ती लवकी तिने स्वतः खाल्ली होती. मंजुळा तोंड उघडून माझ्याकडे बघत होती.

सीताबाईने पुडी सोडली. बी तळहातावर घेतलं. एकेक बी नखाने उलटं करून बघितलं. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने ओ दिली नाही. तिच्या आईच्या बियांची कड कशी होती, रंग कसा होता, मला माहीत नाही. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. तिने तेहतीस वर्षं पाहिलं होतं.

"हो," ती शेवटी म्हणाली. "माह्यंच हाये."

मग मंजुळेकडे वळून म्हणाली, "पाह्य वं, आपली लवकी. बाईनं ठेवली होती." आणि तिने ते बी वेगळ्या गाठीत, सगळ्यांत वर बांधलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. मला एकदम मोठ्याने रडू आलं. बायका आत आल्या, त्यांना वाटलं मंजुळा जाणार म्हणून बाई रडते. त्यातही खोटं काही नव्हतं.

पुढे पावसाळा आला आणि गेला. सीताबाईच्या मांडवावर त्या वर्षी कारलं होतं. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, वानरांपासून सुरू झालं आणि मग सगळ्यावर पसरलं. लवकीचं नाव मात्र आम्ही दोघींनी काढलं नाही.

दिवाळी झाल्यावर मंजुळा माहेरी आली. चिमूरकडून दोन मोटारी बदलून, पुढे बैलगाडीने, आणि सगळ्या वाटेवर मांडीवर एक लवकी सांभाळत. तिकडे अशी पद्धत होती, की बी ज्या घरून आलं त्या घरी पहिल्या वर्षीचं फळ पोचवायचं. मी कुपाशी उभी होते. मंजुळेने फडकं सोडून लवकी आईच्या हातात दिली. लवकी हातभर लांब होती. सरळ, सडपातळ, गडद हिरवी. ना मान, ना पोट, ना पांढरे शिंतोडे.

"लांब झाली वं आई," मंजुळा हळूच म्हणाली.

सीताबाईने लवकी दोन्ही हातांत धरून उन्हाकडे फिरवली.

"तिकडची माती दुसरी, पानी दुसरं," ती म्हणाली. "थोडंसं बदलनच. गोड हाये ना?"

"गोड हाये. सासूनं बी ठेवलं. गावात सात घरी देलं म्या."

"चांगलं केलं," सीताबाई म्हणाली. "जाय, पाय धू. थकली असशीन."

मंजुळा आत गेली. सीताबाईने विळा आणला, लवकी कुपाजवळच्या दगडावर ठेवली आणि तिचे तीन तुकडे केले. एक स्वतःसाठी ठेवला. दुसरा कुपावरून माझ्या हातात दिला. तिसरा, सगळ्यांत मोठा, तिने केळीच्या पानात गुंडाळला, वरून दोऱ्याने बांधला आणि तोही माझ्याच हातात ठेवला.

"उद्या बाजार हाये," ती म्हणाली. "मैनाबाई पानी प्याले येईन तुमच्याकडं. हे तिले द्या. माह्या नावानं द्या."